रिकाम्या गोदामातली रेंज

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कंपनीत मी वायरमन होतो. साध्या बटणांचे मोबाइल तेव्हा नुकतेच हमालांच्याही खिशात आले होते. पण आमच्या गोदामात ते काय कामाचे? वर पत्रा, चारी बाजूंना जाड भिंती. आत पाऊल टाकलं की टावर गायब.

त्या वर्षी मागच्या हॉलमध्ये पोत्यांची थप्पी ढासळली आणि एका हमालाचा पाय मोडला. शेजारच्या मशीनच्या आवाजात त्याच्या हाका कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. मालक हादरले. म्हणाले, कोपऱ्याकोपऱ्यातून फोन लागला पाहिजे, काय लागेल ते आण.

मी औरंगाबादहून रेंज वाढवणारा बूस्टर आणला. छतावर एक अँटेना, तिथून केबल, आत दोन छोटे अँटेना. हमालांच्या म्हाताऱ्या मुकादमाला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. ते मोबाइल घेऊन मागच्या हॉलच्या टोकाला उभे राहिले आणि मी दारातून फोन लावला.

"किती टावर, चाचा?"

"बराबर चार हायेत. तुझा आवाज बी साफ येऊन राह्यला."

मी फुशारलो. म्हणालो, "आता काही झालं तर नुसता मला फोन लावा. पळत येतो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. चाचांनी मात्र ते मनावर घेतलं. दोन नंबरच्या बटणावर माझा नंबर टाकून घेतला. ते दाबून धरलं की मला फोन लागायचा.

बूस्टरचं हे सगळं काम पावसाळ्यात झालं. पेरण्या उरकलेल्या, गोदाम रिकामं. वायरिंगची कामं आम्ही नेहमी त्याच दिवसांत काढायचो. हंगामात तिथं काय असतं ते मला माहीत नव्हतं असं थोडंच? कपाशीचं बियाणं चंदेरी पाकिटांत भरायचं आणि त्या पाकिटांची खोकी पत्र्याला टेकेपर्यंत रचायची. पाकिटाला आतून धातूचा पातळ थर. त्यातून रेंज जाणार कशी? एकदा, फक्त एकदा, भरल्या गोदामात मोबाइल घेऊन मागपर्यंत चालत जायचं होतं. मी गेलो नाही. बूस्टरचा हिरवा दिवा पेटत होता, मला तेवढं पुरलं.

दुपारी सगळे जेवायला बाहेर पडले की चाचा एकटेच थप्प्यांमधून फिरायचे. तळहाताने खोकी दाबून बघायचे, कुठं काही कललंय का. पुढच्या एप्रिलमधल्या एका दुपारी मागच्या हॉलमध्ये त्यांनी एका थप्पीला हात लावला आणि ती त्यांच्यावरच आली.

आम्ही कडुनिंबाखाली जेवलो, तंबाखू मळली, गप्पा मारल्या. तासाभराने हमाल आत गेले तेव्हा चाचा कमरेपर्यंत खोक्यांखाली होते. औरंगाबादच्या दवाखान्यात त्यांचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला. लवकर आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

मी भेटायला गेलो. जेवताना मोबाइल माझ्या खिशातच होता आणि त्यावर एकही मिस्ड कॉल नव्हता. मी दहादा बघितलं होतं. चाचांनी माझा हात धरला.

"तुला लई फोन लावले, बेटा. हात दबल्ता, कानाला लावता येईना. नुसतं बटन दाबून राह्यलो. तू जेवाय गेल्ता ना? मोबाइल तुझ्या सामानाच्या खोलीत राह्यला असंल."

फोन लागला होता, असंच त्यांना वाटत होतं. मला बोलायचं होतं. चाचा, फोन लागलाच नाही, मी रिकाम्या गोदामात रेंज बघितली होती. पण फोन न उचलणं कुणाच्याही हातून होतं. बूस्टरची चूक मात्र माझ्या एकट्याची होती.

"हो चाचा," मी म्हणालो, "खोलीतच राहिला होता."

"मंग जाऊ दे. जेवताना मानूस काय फोन धरून बसतो का?"

ती लाज आजही गेलेली नाही. दुसऱ्या दिवशी मी मागच्या हॉलमध्ये तिसरा अँटेना बसवला. बैल गेला आणि झोपा केला. का बसवला, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी चाचा कुबड्यांवर गोदामात आले. नवा मुकादम मागच्या हॉलमध्ये जायला कचरत होता. चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"बिलकुल भिऊ नको. यानं बसवलेलं हाय, टावरचं काम पक्कं. फक्त जेवाय जाताना मोबाइल सोबत ने म्हनावं त्याला."