बाबांनी जे फक्त हेतलला सांगितलं

दवाखान्यात प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा हुद्दा बघून, त्याला किती खरं सांगायचं ते तुम्ही ठरवता का?

आम्ही ठरवलं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

त्या सकाळी बाबांच्या आजाराला नाव मिळालं. ब्रॅडिकार्डिया, म्हणजे हृदयाचे ठोके फार मंद पडणे. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीचा जिना चढताना त्यांना दोनदा अंधारी आली होती. तिसऱ्यांदा ते पायरीवरच बसले. ईसीजीत ठोके मिनिटाला छत्तीस.

हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, "हे घेतात त्या रक्तदाबाच्या गोळीनेही ठोके कमी होतात. पण यांचा डोस लहान आहे, एवढ्याने इतकं व्हायला नको. गोळी बंद करतो, तरी पेसमेकर लागेल असं धरून चाला."

पेसमेकर म्हणजे छातीच्या कातडीखाली बसवायचं छोटं यंत्र. ठोका मागे पडला की ते हृदयाला विजेचा बारीक इशारा देतं. परवाची वेळ ठरली.

दुपारी निळ्या ॲप्रनमधली एक मुलगी फाईल घेऊन आली. हेतल, फिजिशियन असिस्टंट. तिने पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. मी तिला मध्येच तोडलं. हे सगळं मोठ्या डॉक्टरांना सांगून झालंय, तुम्ही डॉक्टर आहात का?

"नाही, दीदी. डॉक्टरांनीच पाठवलंय. लोक मला अर्धी डॉक्टर म्हणतात, पण मी पूर्ण असिस्टंट आहे. बसू?"

मी बाबांच्या कारखान्यातल्या युनियनच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा ती लिहायचे, मी घड्या घालायचे. कुठलंच काम हलकं नसतं, हे मला तेव्हापासून पाठ. आणि ओळखपत्रावर 'असिस्टंट' वाचून मीच तोंड फिरवलं होतं.

हेतलने बाबांची नाडी पाहिली, पायांवर सूज आहे का तपासलं. मग म्हणाली, "काका, सकाळी उठल्यापासून काय काय घेता, ते हाताने करून दाखवा."

बाबांनी हवेत कप उचलला. चहाआधी एक गोळी. नाश्ता. मग हात आपसूक पुन्हा तोंडाकडे गेला.

"ही दुसरी कुठली?"

बाबांनी हात खाली घेतला.

"काका, हुं वढवानी नथी," ती हळूच गुजरातीत म्हणाली. म्हणजे, मी रागावणार नाही, एवढंच.

तेव्हा माझ्याकडे न बघता बाबांनी सांगितलं. एक गोळी कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची, ती फाईलमध्ये होती. दुसरी रावपुऱ्यातल्या आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांची. त्यांनी आईच्या शेवटच्या आजारपणात रोज घरी येऊन पाहिलेलं, त्यांची गोळी सोडायची कशी? आणि कारखान्याच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना वाटेल, आपल्यावर विश्वास नाही. भर सभेत मॅनेजरला जाब विचारणारे माझे बाबा, दोन डॉक्टरांचं मन मोडू नये म्हणून वर्षभर दोन्ही गोळ्या घेत होते. मोठ्या डॉक्टरांपुढे हे काय बोलायचं, म्हणाले. रावपुऱ्याची गोळी त्या सकाळीही खिशातल्या पुडीतून घेऊन झाली होती.

मी स्कूटरवर घरी जाऊन पाकिटं आणली. नावं वेगळी, रंग वेगळे. हेतलने मागची बारीक अक्षरं वाचली. दोन्हींत मेटोप्रोलॉल, ठोके मंद करणारं एकच औषध.

तिने स्वतः काहीही ठरवलं नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते आले, पाकिटं पाहिली. पेसमेकर पुढे ढकलला, दोन्ही गोळ्या बंद, मॉनिटर चालू.

मग वाट पाहणं. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्न.

त्या दिवसांत मी हेतलला तिच्या शिक्षणाबद्दल विचारलं. चार वर्षं, त्यातलं शेवटचं सगळं वॉर्डात. शरीररचना, औषधं, रुग्णाची हकीकत घेणं, तपासणं, ऑपरेशनमध्ये मदत. निदान आणि उपचाराचा निर्णय डॉक्टरांचा. लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, म्हणजे नर्सच ना? तिचे वडील पाणीगेटला शिवणकाम करतात. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता, मुलगी काय शिकली ते त्याला समजावून सांगतात.

चौथ्या दिवशी चौसष्ट. राउंडला सगळ्यांसमोर डॉक्टर म्हणाले, "पेसमेकर नको. आणि हे हेतलने पकडलंय." हेतलने फाईलकडे बघत मान खाली घातली. माझी मात्र ताठ झाली, जणू माझ्याच घरची मुलगी पहिली आली.

सगळ्यांचं असं होत नाही. काहींना औषध थांबवूनही पेसमेकर लागतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते.

घरी आल्यावर बाबा स्वतः रावपुऱ्याला गेले आणि सगळं सांगून टाकलं. म्हातारे डॉक्टर म्हणाले, "अरे, आपली मैत्री काय गोळीवर टिकली आहे का?"

आता तुम्ही एक काम करा. आजच घरातल्या गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत भरा, एका डॉक्टरांची दुसऱ्यांपासून लपवलेलीही. दवाखान्यात जी पहिली व्यक्ती तुम्हाला विचारायला बसेल, तिच्यापुढे ती पिशवी रिकामी करा. तिचा हुद्दा नंतर वाचा.