पिशवी माझी नाही

सिस्टरना दोन प्रकारची माणसं डोळ्यांसमोर नको असत. एक, हात न धुता ऑपरेशन थिएटरमध्ये शिरणारी. दुसरी, नियम मोडून वर त्याची शेखी मिरवणारी. त्यांचे धाकटे दीर दुसऱ्या प्रकारातले. पहिल्यातही बसले असते, पण रुग्णांचं नशीब थोर म्हणून ते डॉक्टर न होता फरशांच्या दुकानात विक्रेते झाले.

भाऊजींना मासे पकडायचा नाद होता. नाद कसला, तोरा होता. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि त्या खिशांत बहुतेक शेंगदाणे. "आजवर परवाना काढला नाही आपण," हे वाक्य ते छाती पुढे काढून म्हणत. "पाणी काय सरकारच्या बापाचं आहे?" हा सवाल घरातल्या प्रत्येक जेवणात एकदा यायचाच. बाकीचे हसत. सिस्टर ताट संपवून उठत.

निवृत्त झाल्यावर सिस्टरना एकच हवं होतं: कुणी घंटा वाजवून बोलावणार नाही अशी जागा. ती गावाबाहेरच्या तलावाच्या भिंतीवर सापडली. तिथे नुसतं बसलेल्या बाईची येणारा-जाणारा चौकशी करतो, पण गळ टाकून बसलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. म्हणून त्यांनी गळ घ्यायचं ठरवलं. आणि गळ घ्यायच्या आधी त्या मत्स्य कार्यालयात गेल्या.

खिडकीमागच्या कारकुनाने फोटो पाहिला. "परवाना कुणाच्या नावे? साहेबांच्या?"

"फोटो कुणाचा दिसतोय?"

"तुमचा."

"मग?"

कारकून वरमला. परवान्यावर शिक्का मारून त्याने नियमांचं पत्रक पुढे सरकवलं. "हे कुणी वाचत नाही, पण राहू द्या जवळ."

सिस्टरनी तिथल्याच बाकावर बसून ते अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि पुन्हा खिडकी गाठली. "विणीच्या हंगामात उथळ बाजू बंद, असं लिहिलंय. उथळ म्हणजे कुठून कुठपर्यंत?"

कारकुनाने आ वासला. आत जाऊन, कुणाला तरी विचारून तो परत आला. "लव्हाळ्यापासून लाल खांबापर्यंत. आजवर कुणी विचारलं नव्हतं हो."

"ते दिसतंच आहे," सिस्टर म्हणाल्या.

ही हकिकत कानावर गेली तेव्हा भाऊजी ठसका लागेपर्यंत हसले. "वहिनी आता माशांचा आधी ताप बघणार, मग गळ टाकणार!" सिस्टरचा नवराही हसला. दिराचा पांचट विनोद त्यांनी कानाआड केला असता. नवऱ्याचं हसू मात्र झोंबलं. पोट शिवण्याआधी रक्त टिपायचे बोळे मोजायच्या म्हणून मोठमोठे सर्जन सिस्टरवर डाफरले होते, तरी त्यांनी कधी मोजणं सोडलं नव्हतं. प्रत्येक नियमामागे कुणीतरी कधीतरी रडलेलं असतं, एवढं त्यांना कळत होतं. भाऊजींना यातलं काही सांगणं म्हणजे त्यांच्याच दुकानातल्या फरशीशी बोलण्यासारखं.

विणीच्या हंगामातली एक सकाळ. सिस्टर नेहमीप्रमाणे भिंतीवर होत्या. पलीकडे लव्हाळ्यात भाऊजी गळाच्या दोन काठ्या लावून बसलेले त्यांना दिसत होते. मनाईचा फलक हाताच्या अंतरावर, आणि त्याच फलकावर भाऊजींचं जाकीट टांगलेलं.

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला. मत्स्य खात्याचा निरीक्षक. भाऊजींनी काठ्या लव्हाळ्यात कोंबल्या, ओली पिशवी उचलली आणि धापा टाकत भिंत गाठली. पिशवी त्यांनी सिस्टरच्या पायाशी ठेवली.

"वहिनी, तुमची म्हणून सांगा. परवाना आहे तुमच्याकडे. सिस्टरबाईंना कोण काय बोलणार?"

पिशवी हलत होती. सिस्टरनी तिचं तोंड उघडून पाहिलं. आत मोठी मासळी होती, पोट अंड्यांनी टम्म.

निरीक्षक आला. "ही पिशवी कुणाची?"

"माझी नाही," सिस्टर म्हणाल्या. "यांची आहे. मासळी लव्हाळ्यातून काढलीय, काठ्याही तिथेच आहेत. हे माझे दीर."

भाऊजींनी निरीक्षकाकडे बघून डोळा बारीक केला आणि कपाळाशी बोट फिरवलं. "वय झालंय हो त्यांचं. विसरतात. घरी आम्ही सांभाळून घेतो."

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं या माणसाला आपण नुसता बढाईखोर समजत होतो, म्हणजे बरंच वर बसवलं होतं, असं त्यांना वाटलं.

"आधी हिला पाण्यात सोडते," त्या निरीक्षकाला म्हणाल्या. "मग माझा परवाना बघा, आणि माझी स्मरणशक्तीही तपासा."

पायऱ्या उतरून त्यांनी मासळी दोन्ही हातांनी पाण्यात धरली. ती एका कुशीवर कलत होती. बऱ्याच वेळाने तिने शेपटी हलवली आणि ती खाली गेली. जगली की नाही, सिस्टरना कधीच कळलं नाही.

भाऊजींच्या काठ्या जप्त झाल्या. संध्याकाळी जावेचा फोन आला. "घरच्या माणसाला असं चारचौघांत उघडं पाडतात का हो?" भाऊजींनी मात्र आठवड्याभरात सगळीकडे सांगायला सुरुवात केली, की जीवहत्या नको म्हणून आपण मासेमारी सोडली. ऐकणाऱ्यांनी मानाही डोलावल्या.

नवरा एवढंच म्हणाला, "गप्प बसली असतीस तर चाललं नसतं का?"

"त्यांनी मला वेडी ठरवलं, ते सांगितलं का तुम्हाला?"

"तो बोलतो काहीही. मनावर काय घ्यायचं?"

दिराची कीव करायचीही सिस्टरना गरज वाटली नव्हती. पण जन्माच्या सोबत्याकडे बघून मनात कीव आली, तेव्हा त्यांना रात्रभर झोप लागली नाही. त्यानंतर घरात कामापुरतंच बोलणं राहिलं.

मग एका सकाळी नवरा भिंतीवर येऊन उभा राहिला. "मी त्याला सांगून आलो," तो म्हणाला. "वहिनीची माफी मागितल्याशिवाय घरी येऊ नकोस म्हणून."

"उशीर केलात."

"केला." तो शेजारी बसला. "मी धरू का जरा काठी?"

"नाही. परवाना नाही तुमच्याकडे."

त्याने मान हलवली आणि तसाच बसून राहिला. सिस्टरनी थर्मासमधला चहा स्वतःपुरता ओतून घेतला. त्याला हवा असेल तर त्याने मागावा.