नवव्या ब्राऊनवरची फळी

"ओढ," क्लबाचे साहेब म्हणाले आणि फळीची दोरी माझ्या हातात दिली.

मी ओढली.

त्या दिवशी मी मैदानावरचा मजूर नव्हतो. साहेबांबरोबर खेळायला बोलावलेला गोल्फचा प्रोफेशनल होतो. खेळ नीट झाला तर त्यांच्या क्लबात शिकवण्याची पक्की नोकरी मिळणार होती. शहापूरला, घरी, आईजवळ.

त्या मैदानावर उन्हाळ्यात गवत टिकत नसे. म्हणून भोकाभोवती जळकं तेल कालवलेली रेती पसरत. त्या जागेला ब्राऊन म्हणायचे. रेतीत पावलं उठतात, म्हणून मारण्याआधी चेंडूपासून भोकापर्यंत फळी ओढून वाट सपाट करायची. सत्तर सालानंतर सहा वर्षं ती फळी मीच ओढली. साहेबांनी फेकलेल्या मोडक्या स्टिकला लोखंडी पाईप बसवून मारायला शिकलो. पुढे बाहेर जाऊन परीक्षा दिली, प्रोफेशनल झालो.

लोकांना वाटतं मोठं काम. कसलं मोठं! स्पर्धेच्या बोर्डावर माझं नाव वर, जेवणाचं ताट क्लबाबाहेर झाडाखाली. पहिल्या स्पर्धेत गवताच्या मैदानावर मी सवयीने फळी शोधू लागलो. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

आणि त्या दिवशी साहेबांसोबत पुन्हा तीच दोरी. आठ ब्राऊन झाले, आठ वेळा साहेबांची वाट मी ओढली. माझी पाळी आली की साहेब म्हणत, "तू तसाच मार, वेळ जातो." मी पावलांवरून मारत होतो. चेंडू भरकटत होता.

नवव्या ब्राऊनशेजारी आई विळ्याने गवत कापत होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली बाई, पण पोटासाठी अजून तिथेच राबत होती. तिने मान वर केली.

"बाबू, तुले खेळाले बलावलं का रेती ओढाले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ओढ," साहेब म्हणाले.

मी दोरी खाली टाकली. "साहेब, तुमची वाट तुम्ही ओढा. माझी मी ओढतो."

"नोकरी हवी ना तुला?"

"हवी. शिकवायची."

साहेबांनी चेंडू उचलला आणि चालते झाले. नोकरी गेली. आठवड्याने आईलाही कामावर येऊ नको म्हणून निरोप आला. ती म्हणाली, "जाऊ दे गा. धान कापाले जाईन मी."

त्या दिवशी मात्र मी निघालो नाही. माझी वाट सावकाश ओढली आणि मारलं. चेंडू भोकाच्या कडेला थांबला. चुकलो तो मी चुकलो. कोणाचं पाऊल आडवं आलं नव्हतं.

आता कुठल्याही क्लबाचं बोलावणं आलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो. माझी वाट कोण ओढणार? माझं ताट आत की बाहेर? बाहेर म्हणाले, तर सांगतो, यादीतून माझं नाव कापा.