अर्धविरामाच्या जागी ए

माझ्या डाव्या हाताला करंगळी नाही. चौथीत असताना गावी कडबा कुट्टीच्या यंत्रात गेली. पुढे आम्ही हैदराबादला, नल्लकुंट्यात राहायला आलो, मी बी.एस्सी. झाले. बाजारपेठ खुली झाल्यावर तिथे अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायची कामं निघाली, तेव्हा दिलसुखनगरच्या अशाच एका ऑफिसात लागले. मुलाखतीला हात ओढणीखाली ठेवला होता.

अडचण एकाच अक्षराची होती. इंग्रजी ए डाव्या करंगळीनं दाबतात. मी तो शेजारच्या बोटानं दाबायचे. त्यात हात सरकायचा आणि पुढचा शब्द चुकायचा. टीम लीडर स्पीडवरून दोनदा बोलला.

मग नेटवर एक फुकटचं टूल सापडलं. त्यात एका ओळीची स्क्रिप्ट लिहिली, की एक कळ दुसरीचं काम करते. उजव्या करंगळीखाली अर्धविरामाची कळ असते. तिच्यावर ए बसवायचं ठरवलं. ओळ लिहिली, पण काहीच झालं नाही. त्या टूलच्या भाषेत अर्धविराम म्हणजे 'इथून पुढचं वाचू नका'. त्याच्या आधी एक तिरकी खूण द्यावी लागते, हे शोधण्यात दोन दिवस गेले. खूण दिली आणि ए उमटला. महिन्याभरात बोटं रुळली. मशिनवर बाहेरचं काही टाकायला मनाई होती, म्हणून कुणाला सांगितलं नाही. घरी जाताना स्क्रिप्ट बंद करायचे.

भावाच्या लग्नाला नांदेडला निघायच्या गडबडीत ती बंद करायची राहिली.

माझ्या मशिनवर दुपारच्या पाळीत एक ताई बसायच्या. सरकारी ऑफिसातून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या, जुन्या हैदराबादी मराठी. आठवड्यानं मी परतले तर त्या रजेवर. शेजारची मुलगी म्हणाली, त्यांच्या रिपोर्टांत अर्धविरामाच्या जागी सगळीकडे ए पडले होते. वैद्यकीय शब्दांखाली तशाही लाल रेघा येतात, त्यामुळे त्यांच्या लक्षात आलं नाही. टीम लीडरनं ते कागद सगळ्यांदेखत दाखवले. ताईंना वाटलं, नजर गेली. त्या नामपल्लीला डोळे तपासायला गेल्या होत्या.

मी टीम लीडरला सगळं सांगितलं, हातही दाखवला. त्यानं मला लेखी ताकीद दिली आणि ताईंच्या नावावरच्या चुका काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंना गाठलं.

"डोळे चांगले हैत म्हणला डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मंग मला वाटलं, डोकंच गेलं असंल. आठवडाभर धड जेवले नाही मी."

मी स्क्रिप्टचं सगळं सांगून माफी मागितली. त्या हात बघू म्हणाल्या. बघून झाल्यावर विचारलं, "आधी सांगायला काय झालं होतं?"

"नोकरी लागली नसती."

त्यांनी हात सोडला आणि मशिनकडे वळल्या.

मी स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ घातली : एफ-बारा दाबली की कळा पुन्हा मूळच्यासारख्या. टीम लीडरनं तेवढ्याला परवानगी दिली. ताई मात्र रोज खुर्चीत बसल्या की आधी एक अर्धविराम टाइप करून बघायच्या, मगच हेडफोन लावायच्या. मी तिथे होते तोवर त्यांनी ते सोडलं नाही.