आधी घरांचा लेयर बंद कर

मागच्या महिन्यात आमच्या अक्कांचं घर तळ्यात गेलं. म्हणजे खरंखुरं नाही, कॉम्प्युटरवर.

मी मूळची सांगलीची. सध्या चेन्नईत, अड्यारच्या एका छोट्या ऑफिसात नकाशे बनवते. अक्का माझ्या सीनियर, तंजावरकडच्या मराठी. माझं मराठी त्यांना टीव्हीवरच्या बातम्यांसारखं वाटतं आणि त्यांचं मला अर्धं तमिळ, पण डबा आम्ही रोज वाटून खातो.

काम होतं तांबरमजवळच्या एका तळ्याचं. जुन्या सर्व्हे नकाशावरची तळ्याची हद्द आजच्या सॅटेलाइट फोटोवर बसवायची आणि आत कोणती घरं येतात ते सरकारी खात्याला कळवायचं. आत आलेल्यांना अतिक्रमणाची नोटीस जाणार, हे आम्हाला माहीत होतं.

मी फोटो, घरं, जुनी हद्द असे एकावर एक लेयर, म्हणजे थर, चढवले आणि तळं थेट हायवेवर जाऊन बसलं. अख्खी कॉलनी निळी... त्यात अक्कांचं घरही. त्यांच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, रेल्वेतून रिटायर झाल्यावर बांधलेलं. अप्पा आता थकलेत, दिवसभर ओसरीवरच्या खुर्चीत बसून असतात.

हायवेच तळ्यात म्हटल्यावर चूक कळायला वेळ लागला नाही. जुना नकाशा पृथ्वीचा एक आकार धरून मोजलेला, आजचं जीपीएस दुसरा. त्यामुळे एकाच जागेचे आकडे दोन्हीकडे वेगळे येतात. फाइल सेव्ह करताना कुणीतरी जुन्या नकाशाला नव्या पद्धतीचं लेबल लावलं होतं, आणि सॉफ्टवेअर बिचारं सांगाल ते ऐकतं.

लेबल बदललं, तळं मागे सरकलं... पण खरी पंचाईत पुढेच होती. जुन्या पद्धतीतून नव्यात नेताना सॉफ्टवेअर तीन-चार पर्याय पुढे ठेवतं आणि प्रत्येकात रेषा थोडी इकडे-तिकडे होते. पहिल्यात अक्कांचं घर आत, दुसऱ्यात बाहेर. माझा माउस आपसूक दुसऱ्यावर गेला. कोण विचारणार होतं?

अक्का मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "असं नको, मा. आधी घरांचा लेयर बंद कर."

"अक्का, पण तुमचं घर..."

"म्हणूनच. देवळाचं कुळम बघ, रेल्वेचा पूल बघ. दोन्ही नकाशांत आहेत. ते जुळलं की सरि, झालं."

घरं बंद केली. आता स्क्रीनवर फक्त देवळाच्या कुळमचे, म्हणजे पुष्करणीचे, चार कोपरे, तो पूल आणि तळ्याची रेषा. एकेक पर्याय लावून बघत गेलो. अक्कांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, आणि त्यांनी ती किती घट्ट धरली होती ते मला जाणवत होतं. सगळे कोपरे आणि पूल ज्यात जुळले तो पर्याय ठेवला. मग घरं त्यांनी स्वतः चालू केली.

हद्द त्यांच्या परसातल्या भिंतीच्या मागून गेली. अक्कांचं घर सुटलं. मी टाळी द्यायला हात पुढे केला... त्या अजून स्क्रीनकडेच बघत होत्या. मागच्या गल्लीतली तीन घरं आत आली होती. त्यातलं मधलं त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीचं.

"रेषेजवळची सगळी घरं जागेवर जाऊन पुन्हा मोजा, असं लिही," त्या म्हणाल्या. "त्यात माझंही लिही."

मला भीती वाटली. सुटलेलं घर कशाला पुन्हा पुढे करायचं... तरी लिहिलं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतेय. वाद घरातला असो की सोसायटीतला, मत देण्याआधी माझं घर असलेला लेयर बंद करून बघायचा. दर वेळी जमतं असं नाही हो. अक्कांना जमलं... आणि तेही तिकडे ओसरीवर अप्पा बसलेले असताना.