सुतकातला कॉम्प्युटर

बसा, चहा घ्या. गरम आहे तोवर घ्या, कारण गार झाला तर पुन्हा करायला आता या घरात मीच आहे, आणि माझा चहा एकदा पिणारा दुसऱ्यांदा मागत नाही.

फजित्या माझ्या पुष्कळ झाल्या. पण जिला मनापासून फजिती म्हणावं अशी ही एकच. हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसतो अधूनमधून.

तर मंगळवार होता. अगदी साधा मंगळवार. मेहकरात सकाळी नळ आले होते, मी पाणी भरलं होतं, स्वतःचा कप स्वतः विसळला होता आणि त्याचा मला उगाच अभिमान वाटत होता. प्रमिला, म्हणजे माझी बायको, आदल्याच दिवशी माहेरी वडनेर भोलजीला गेली होती. तिच्या आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात वेळेवर थेंब टाकायला कोणीतरी हवं होतं.

मी शाळेत मराठी शिकवतो. त्या दिवशी नववीची प्रश्नपत्रिका छापायची होती. माझ्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर पहिली ओळ ठरलेली असते : ‘सूचना : प्रश्न आधी काळजीपूर्वक वाचा.’ ही ओळ लक्षात ठेवा. पुढे ती माझ्याच अंगावर येणार आहे.

कॉम्प्युटरचं बटन दाबलं. पंखा घरघरला. आणि पडदा काळा! काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. नेहमीचं निळं आकाश नाही, काही नाही.

आता आमच्या घरात कॉम्प्युटर माझ्या खात्यात. कोर्स मी केलेला, सर्टिफिकेट माझं, भिंतीवर चौकटीत टांगलेलं तेच. प्रमिलानं तो फडक्यानं पुसायचा, एवढाच तिचा संबंध, असा माझा समज. रोज मी आंघोळ करून येईपर्यंत ती तो सुरू करून ठेवायची. मी खुर्चीत बसलो की समोर निळं आकाश आणि बाजूला चहा. रात्री सगळं बंद करून भिंतीवरचं बटनही तीच बंद करायची. आमच्याकडच्या विजेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

म्हणजे निदान सोपं होतं. जाताना हिनंच काहीतरी करून ठेवलं!

आणि संशयाला जागाही होती हो. बसस्टँडवर, वडनेरच्या वाटेवरच्या खामगावच्या गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं.

“अहो, सकाळी ते कॉम्प्युटर चालू करसान तं आधी...”

“मले शिकवून राह्यली का तू? कोर्स कोनं केला?”

“तुम्हीच केला. पन ऐका तं...”

“डोकं आत घे, गाडी सुटली.”

सुटली नव्हती. कंडक्टर खाली उभा राहून पान खात होता.

तर मी तावातावानं प्रमिलाला फोन लावला. उचलला विलासनं, तिच्या धाकट्या भावानं.

“विलास, ताईले दे फोन. इचार तिले, जाता जाता कॉम्प्युटरले काय करून गेली. बिघडवून ठेवला ना पुरा!”

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“अबे, ऐकून राह्यला ना? दे तिले.”

“भाऊजी, तुम्ही बसेल हाय का उभे हाय?”

“त्या मेलेल्या डब्यासमोर बसेल हाय! पेपर छापाचा हाय मले. काऊन हात लावते ती, समजत नाही तं?”

“भाऊजी, ताई नाही राह्यली.”

सकाळी दूध तापवता तापवता ती ओट्याजवळ बसली, आणि उठली नाही. आईच्या डोळ्यात थेंब टाकून झाले होते, एवढं मात्र विलासनं मला दोनदा सांगितलं.

बायको गेल्याची बातमी इतरांना कशी कळते, मला ठाऊक नाही. मला ती बायकोची तक्रार करताना कळली.

संध्याकाळी तिला मेहकरला आणलं. नंतरचं तुम्हाला माहीत आहे, तुमच्यातले बरेच जण होते. मी पुढचं सांगतो, जे आतल्या खोलीत घडलं.

सासूबाई तेरवीपर्यंत आमच्याकडेच राहिल्या. डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा. डॉक्टरनं बजावलं होतं, डोळ्यातून पाणी येऊ द्यायचं नाही. लेक गेलेल्या बाईला सांगा बरं हे! त्या कोपऱ्यात मान वर करून बसायच्या, सगळं पाणी मागच्या मागे जाईल अशा. त्यांनी मला एकच गोष्ट मागितली.

“जवाईबापू, तेरवीले तिचा तो दसऱ्याचा फोटो लावजा. कॉम्प्युटरमंदी दाखवला होता तिनं मले. तोच लावजा.”

मोबाइलमध्ये फोटो होते. पण एकात ती पंगतीत वाढते आहे, एकात कोणाच्या तरी खांद्यामागे आहे, बाकीच्यांत डोळे मिटलेले. दसऱ्याचा फोटो एकटीचा, हसरा, आणि होता त्या काळ्या पडद्याच्या पलीकडे.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “तेरवी झाली की घेऊन या सर, निवांत पाहू.” मी सुतकात, मला बाहेर पडता येईना. मग मनात म्हटलं, कोर्स कशासाठी केला? खुर्चीवर बसायचं नाही म्हणून कॉम्प्युटरच खाली घोंगडीवर उतरवला. मुंडन केलेलं डोकं, खांद्यावर उपरणं आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर! डोळ्यासमोर आणून पाहा.

आता दुःखाच्या घरी आलेल्या माणसाला काय बोलावं ते सुचत नाही. दोनदा ‘वाईट झालं’ म्हणून झालं की तोही अडकतो, आपणही अडकतो. तेवढ्यात त्याला दिसतो उघडा कॉम्प्युटर. काय सुटका होते म्हणता! भेटायला येणारा प्रत्येक जण त्या घोंगडीवर इंजिनियर झाला.

पहिले माझे काकाजी. जन्म गेला वीज मंडळात वायरमन म्हणून.

“अर्थिंग गेलं,” ते दारातूनच म्हणाले. “दुसरं काई नाही.”

“काकाजी, पंखा फिरून राह्यला ना. लाइट लागते.”

“लाइट लागते म्हनून अर्थिंग असते का? मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाक, पानी टाक.”

चूल बंद, म्हणून मीठ शेजारून आणलं. बादलीभर पाणी घराच्या मागे ओतलं. पडदा काळाच.

मग आमच्या शाळेतले विज्ञानाचे वानखडे सर. त्यांनी चष्मा पुसला, आत डोकावले आणि म्हणाले, “रॅम. शंभर टक्के रॅम. काढा, आनि खोडरबरानं घासा.”

रॅम म्हणजे आतली ती हिरवी पट्टी, जिच्या काठाला सोनेरी दात असतात. दातांवर मळ साचला की संपर्क तुटतो, हे खरं आहे. मी पट्टी काढली, बायकोच्या सुतकात बसून, पाटी पुसावी तशी खोडरबरानं पुसली, फुंकर मारली, परत बसवली. बटन दाबलं.

आता पांढरी अक्षरंही गेली. पूर्ण काळोख. वर आवाज सुरू झाला : टींऽऽ टींऽऽ टींऽऽ!

नेमक्या त्याच वेळी बाहेर लोणारहून प्रमिलाच्या मावशी आल्या. आपल्याकडची रीत, उंबऱ्यावर पाय ठेवताच त्यांनी गळा काढला, “कशी गेली वं माय माही प्रमिला...” आतून उत्तर, टींऽऽ! त्या पुन्हा, “कोनाच्या भरोशावर सोडलं वं...” टींऽऽ! दोन-तीन वेळा अशी साथ झाल्यावर मावशी थांबल्या. पदरानं डोळे पुसत हळूच काकाजींना विचारलं, “आतमंदी मशीनवर कोन हाय? आनखी कोनी सिरीयस हाय का?”

काकाजी म्हणाले, “हाव. कॉम्प्युटर.”

हसलात ना? त्या दिवशीही दोघं-तिघं हसले आणि मग एकमेकांकडे बघून खोकले.

वानखडे सर दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मी मात्र सोडलं नाही. खरं सांगू? तो डबा उघडा असेपर्यंत मला दुसरं काही उघडून बघावं लागत नव्हतं. केबल काढल्या, लावल्या. कीबोर्ड संशयित म्हणून कपाटावर टाकला. पंख्यात ब्रश घातला तर धुळीबरोबर तांदळाचे दाणे निघाले, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या. कितीतरी दसऱ्यांच्या अक्षता! दर वर्षी ती पूजा करायची, आणि दर वर्षी मी ओरडायचो, “वरून टाकू नको, फटीतून आत जातात!” तेवढं एक निदान माझं बरोबर होतं. पण बिघाड त्यात नव्हता.

शेवटी कळलं, रॅम मी नीट दाबलीच नव्हती. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या टक् करून बसायला हव्यात. बसवल्या. टीं टीं थांबलं. आणि पडद्यावर पुन्हा अवतरली तीच काळी पाटी, तीच पांढरी अक्षरं. म्हणजे इतक्या दिवसांच्या खटाटोपानंतर मी जिथून निघालो होतो तिथे सुखरूप पोचलो होतो!

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली टाकला. कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, “आला का फोटो?”

“नाही आई. तेच येऊन राह्यलं.”

“काय येते?”

“इंग्रजीत काहीतरी येते.”

“मले दिसत नाही ना, बापू. वाचून तं दाखवा, काय म्हनते ते.”

आणि मंडळी, मी पहिल्यांदा ते वाचलं.

इतक्या दिवसांत ते कोणीच वाचलं नव्हतं. काकाजींनी नाही, वानखडे सरांनी नाही. काळ्यावर पांढरं इंग्रजी दिसलं की ते वाचायचं नसतं, घाबरायचं असतं, असं आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. मी सासूबाईंसाठी मराठी करून वाचलं : “तारीख आणि वेळ लावलेली नाही. पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा.”

सासूबाईंनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना वाटलं असावं, जावई आणखी काही वाचेल.

“मंग दाबा ना,” त्या म्हणाल्या.

कपाटावरून कीबोर्ड काढला, जोडला. अगदी वरच्या ओळीतलं ते बटन दाबलं. आणि समोर निळं आकाश!

आता कारण सांगतो, म्हणजे तुमच्या घरी असं झालं तर तुम्ही मीठ टाकत बसणार नाही. कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. वीज बंद असली तरी तो आतलं घड्याळ चालू ठेवतो. आमचा सेल केव्हाच संपला होता. भिंतीवरचं बटन बंद केलं की यंत्र रात्रीत तारीख विसरायचं आणि सकाळी विचारत बसायचं. आणि सकाळी मी बाथरूममध्ये असताना कोणीतरी ते वाचायचं, बटन दाबायचं, तारीख-वेळ भरायचं, आणि मग चहा टाकायचं. किती वर्षं, ते विचारू नका. मला माहीत नाही. माझ्यासमोर तो कधी काळा पडलाच नव्हता.

बसच्या खिडकीतून ती तेच सांगत होती. पान खाणाऱ्या कंडक्टरनंही ऐकलं असेल. मी ऐकलं नाही.

फोटो मिळाला. सासूबाईंनी पडद्याला नाक लावून, काळा चष्मा वर करून तो पाहिला, आणि डॉक्टरचं काही चाललं नाही. दसऱ्याचा तो फोटो असा की कॉम्प्युटर नवा, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, आणि प्रमिला मॉनिटरवर हात ठेवून हसते आहे, घोडा विकत घेतल्यासारखी. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटर कापून तिला वेगळं केलं. हात मात्र तसाच हवेत राहिला. तेरवीला हार तिच्या गळ्यात होता, आणि जो तो विचारत होता, वहिनींनी हात कशावर ठेवला आहे?

पंगती उठत होत्या तेव्हा विलास जवळ आला. हात पुसत, खाली बघत म्हणाला, “भाऊजी, ते कॉम्प्युटर झालं का नीट?”

“झालं.”

“नाही, तुम्ही त्या दिवशी म्हनत होते ना, ताईनं बिघडवलं म्हनून. तिच्या हातून काई झालं असन तं मनात नका ठेवू. तिले समजत नव्हतं त्यातलं.”

तेवढ्यात कोणीतरी भाजीचं पातेलं मागितलं आणि तो वाढायला धावला. मी “हो, हो” म्हणालो. नेमकं कशाला म्हणालो, देव जाणे.

सेल मी बदलला. चिमटीत धरून काढायचा, नवा बसवायचा, लहान मुलालाही जमेल. आता पडदा काळा पडत नाही, तारीख-वेळ बरोबर असते, कोणाला काही दाबावं लागत नाही. प्रश्नपत्रिका वेळेवर छापून होतात, आणि त्यांच्यावर ‘प्रश्न आधी काळजीपूर्वक वाचा’ ही ओळ मी अजूनही टाकतो. मुलं वाचत नाहीत. मी त्यांना रागवायचं सोडून दिलं आहे.

विलासचा फोन येतो. सोयाबीन, पाणी, आईचा डोळा, असं बोलणं होतं. शेवटी तो न चुकता विचारतो, “बाकी काई?” मी म्हणतो, “बाकी काई नाही.”

ताईनं कॉम्प्युटर बिघडवला नव्हता, हे त्याला अजून सांगायचं राहिलं आहे.