इलियासभाईंचं शिळं पाणी

इलियासभाईंना मी एकवीस वर्षांत बसून चहा पिताना पाहिलं नव्हतं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या तीन मजली इमारतीत त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. सकाळी मी उंबरा पुसून दोन रेघांची रांगोळी काढत असायचे, तेव्हा ते दारात उभे. हातात कप, कान रस्त्याकडं. ते पाणीपुरवठ्यात लाईनमन होते. लांब लोखंडी चावी सायकलला बांधून गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्यामुळं लोक त्यांना समोर जावयासारखा मान द्यायचे आणि पाठ फिरली की शिव्या. पण त्यांनी कुणाला पाच मिनिटं जास्तीची दिली नाहीत. सख्ख्या मेव्हण्याच्या घरी मांडव पडला होता, तरी ठरल्या वेळेला चावी फिरवली. मेव्हणा दोन वर्षं बोलला नाही.

मागच्या मे महिन्यात त्यांची एकुलती लेक गजाला लग्न होऊन सोयगावला गेली आणि जूनमध्ये हे रिटायर झाले. चावी जमा केली, पण पाय ऐकेनात. सकाळी उठून सायकल काढायची आणि या व्हॉल्व्हवरून त्या व्हॉल्व्हवर फिरत राहायचं. नव्या पोरांना ते नको झालं. एकानं तोंडावर सांगितलं, चाचा, आता आराम करा. तेव्हापासून ते आमच्या जिन्यात फिरायला लागले. वर जायचं, गच्चीवरच्या टाकीत डोकवायचं, खाली यायचं, मीटरला हात लावायचा, पुन्हा वर. त्यांच्या घरच्या, अनिसाभाभी, मला म्हणायच्या, "वैनी, यांना बंद करायची चावी कुणाकडं असंल तर मागून आणा."

गजाला जाताना एक मासा ठेवून गेली होती. फायटर म्हणतात तो. निळा, बोटाएवढा, पंख मात्र ओढणीसारखे. त्याचं नाव तिनं नवाब ठेवलं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आणला आणि लई जीव लावला. सासरच्या भरल्या घरात कुठं न्यायचा, म्हणून बापाच्या हाती दिला. भाभींनी आधीच सांगून टाकलं होतं की मी फक्त तव्यावरच्या माशाला हात लावते.

डिसेंबरच्या अखेरीला तिचा फोन आला. सातवा लागलाय, पंधरा दिवसांनी बाळंतपणाला येते. मग विचारलं, नवाब कसा आहे. इलियासभाई म्हणाले, मजेत. फोन ठेवला आणि फ्रिजवरची बरणी खाली काढली.

मला त्यांनीच हाक मारली म्हणून मी गेले. बरणीतलं पाणी उसाच्या रसासारखं गढूळ. तळाशी न खाल्लेल्या दाण्यांचा कुजका थर, आणि त्यावर नवाब आडवा पडलेला. रंग उडून राखेसारखा झालेला, पंखांच्या कडा झडून चिंध्या. मला वाटलं, गेला. तेवढ्यात त्यानं कल्ला हलवला. रोज सकाळी बाहेर पडताना न बघता चिमूटभर दाणे टाकायचे, एवढंच सहा महिने चाललं होतं. पाणी शेवटचं कधी बदललं ते इलियासभाईंना आठवेना. बरणी हातात धरून ते या खोलीतून त्या खोलीत चालत राहिले. मग म्हणाले, "सगळ्या उस्मानपुऱ्याला पाणी सोडलं वैनी मी. आन् घरात एक बरणी."

बरणी ओट्यावर ठेवून त्यांनी सायकल काढली.

त्याच दिवशी ते मासे विकणाऱ्या संघपालच्या दुकानात जाऊन आले. त्यानं सांगितलं, चाचा, औषध नंतर, आधी पाणी. एकदम सगळं बदलू नका, रोज चौथा हिस्सा बदला. नळाचं ताजं अजिबात घालू नका, क्लोरीननं कल्ले जळतात. चार-पाच दिवस उघडं ठेवलेलं शिळं पाणी घाला, आणि बदामाच्या झाडाचं वाळलेलं पान टाका. क्लोरीनचं इलियासभाईंना कुणी शिकवायला नको होतं. नोकरीतली, क्लोरीन तपासायच्या औषधाची, म्हणजे ओटीची बाटली अजून त्यांच्या कपाटात होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर तसंच राहतं. जिन्यात त्यांनी एक निळी बादली मांडली, तिच्यात मागच्या आठवड्याचं पाणी भरून ठेवलं. मशिदीजवळच्या झाडाखालून लाल पानं वेचून आणली, धुऊन त्यातलं एक बरणीत सोडलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं.

बरणी आता स्टुलावर आली, उन्हाच्या बाजूला. ऊन सरकलं की स्टूल सरकायचं. रोज नळीत ओटी, मग तांब्यानं पाणी, मग दोन दाणे मोजून. सातव्या दिवशी नवाब तळावरून उठला. दहाव्या दिवशी अंगावर निळं दिसायला लागलं आणि झडलेल्या पंखांना काचेसारखी पातळ किनार फुटली. तरी इलियासभाईंना चैन नव्हतं. दर अर्ध्या तासानं माझ्या दारात येऊन सांगायचे. आत्ता वर आला. आत्ता खाली गेला. आत्ता खाल्लं नाही. भाभी म्हणायच्या, माझ्या वेळेला असं एकदा तरी विचारलं का.

अकराव्या दिवशी नळाचा वार आला. पाणी यायच्या दिवशी आमच्या इमारतीत काय होतं ते सांगायला हवं. शिळं कुणी ठेवत नाही. माठ, पिंप, हंडे, बादल्या सगळं ओतून, घासून, नवं भरायचं. मी तर आधी देवाचा तांब्या भरते, मग घरचं. इलियासभाई दाणे आणायला संघपालकडं गेले होते. भाभींचा गुडघा आखडला होता, त्यांनी मला आवाज दिला की वैनी, तेवढं आमचंही भरून द्या. मी त्यांचं सगळं भरलं. जाताजाता जिन्यातली निळी बादली दिसली. तिच्यात तळाला शेवाळासारखं काहीतरी लागलेलं. मी ती ओतली, नारळाच्या काथ्यानं लख्ख घासली आणि काठोकाठ भरून ठेवली. मनात म्हटलं, बिचाऱ्यांचं एक काम वाचलं.

ते आले, पिशवी ठेवली, बादलीतून पाणी घेतलं. गजाला यायला चार दिवस राहिले होते, म्हणून त्या दिवशी त्यांनी चौथ्याच्या जागी अर्धं बदललं. इतके दिवस ते पाणी तपासत होते, त्या दिवशी ओळखीचं म्हणून तपासलं नाही. पाच मिनिटांत नवाब बरणीच्या काचेवर आपटायला लागला. वर येऊन तोंड वासायचा, पुन्हा फेकल्यासारखा खाली. मी दारात उभी होते. इलियासभाईंनी बादलीला नाक लावलं, नळी काढली, थेंब टाकले. पाणी हळदीसारखं पिवळं.

"वैनी, हे आजचं हाय," ते म्हणाले.

"मीच भरलं," मी म्हणाले.

रागवायला त्यांना सवड नव्हती. शिळं पाणी पाहिजे, आणि ते आत्ता. माझ्याकडं नव्हतं, मी सगळं ओतलं होतं. त्यांच्याकडं नव्हतं. गच्चीवरच्या टाकीतही आजचंच पडलेलं. खालच्या मजल्यावर तीन घरं, तिन्ही घरांनी नुकतेच माठ घासलेले. ते नळी आणि बाटली घेऊन दारोदार फिरले, आणि प्रत्येक घरातलं पाणी पिवळं झालं. बायका विचारत होत्या, काय झालं, पाणी खराब आहे का. उलट होतं, पाणी फार चांगलं होतं.

मग वरच्या मजल्याची आठवण मला झाली. अश्लेषा, वरची शेजारीण, चार दिवसांपूर्वी घरच्यांसोबत बिडकीनला लग्नाला गेली होती. दाराला कुलूप, त्यामुळं नळाच्या वाराला त्यांचं काही भरलंच गेलं नव्हतं. पण जिन्याच्या चौकात तिचं पिंप होतं, मागच्या आठवड्याचं, वर झाकण आणि झाकणावर दगड. आम्ही दोघं वर गेलो. इलियासभाईंनी झाकण उचललं, नळीत पाणी घेऊन चार थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं, पांढरं स्वच्छ.

आणि ते तिथंच थांबले. हातात तांब्या, पण हात खाली जाईना. आमच्या गावात दुसऱ्याचं साठवलेलं पाणी न विचारता घेत नाहीत. कुणाच्या घरातलं धान्य मागून घेता येतं, पाण्याला हात लावत नाहीत. त्यात ते लाईनमन. अश्लेषाचा फोन लावला, लागला नाही. खालून भाभींचा आवाज आला की तो आता नुसता पडलाय.

"बारीला सोडून कुणाला पाणी दिलं नाय मी," इलियासभाई म्हणाले. "आन् आता चोरून घिऊ?"

मी त्यांच्या हातातून तांब्या घेतला. चूक माझी होती. देवाचं नाव घेतलं आणि पिंपात बुडवला. दोनदा बुडवला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नवाब बदामाच्या पानावर टेकून राहिला, तोंड पाण्याबाहेर काढून. इलियासभाई उठायचे, बघायचे, बरणी सावलीत न्यायचे, परत उन्हात आणायचे, जिना चढून यायचे, पुन्हा बघायचे. जेवताना ताट हातात घेऊन उभे. मी संध्याकाळी दिवा लावताना त्याच्यासाठीही मागितलं. माशासाठी देवाला काय सांगायचं, हे सुचत नव्हतं, म्हणून नुसतं नाव सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक दाणा खाल्ला. त्याच दुपारी अश्लेषा आली. तिनं पर्स ठेवायच्या आत इलियासभाई भरलेला हंडा घेऊन तिच्या दारात. मी मागं होते, मला बोलू दिलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसली.

"काका, एका तांब्यासाठी एवढं?"

"दोन," ते म्हणाले, आणि हंडा तिच्या पिंपात रिकामा करूनच खाली उतरले.

गजाला त्यानंतर दोन दिवसांनी आली. पोट सांभाळत जिना चढली, माझ्या गळ्यात पडली, आणि घरात शिरल्याबरोबर स्टुलाजवळ जाऊन उभी राहिली. नवाब निळा होता, पण पंख निम्मेच. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. इलियासभाई भिंतीला टेकून उभे. मला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. पण त्यांनी सगळं सांगितलं. फ्रिजवरची बरणी, कुजलेले दाणे, मजेत आहे म्हणालो ते खोटं. माझ्या बादलीचं तेवढं सांगितलं नाही, ते मी सांगितलं.

गजालानं काचेला बोट लावलं. नवाब बोटापर्यंत आला आणि फाटके पंख फुलवून उभा राहिला.

"मला वाटलं होतं, कधीचा मेला असंल," ती म्हणाली. "फोनवर विचारलं की तुम्ही दुसरंच काही बोलायचे. मी रडून पण घेतलं होतं अब्बा. आता बसा की जरा."

भाभींनी चहा आणला. इलियासभाई लेकीशेजारी पलंगाच्या कडेवर बसले. मी पाहिलं, बसले. अर्धा कप प्याले असतील, तेवढ्यात नवाब हवा घ्यायला वर आला आणि बुडुक करून खाली गेला. लगेच ते उठून बरणीवर वाकले. उरलेला चहा गजालानं पिऊन टाकला.